भाषणं दोन, विषय एकच: साप. मार्गदर्शन हवंय

काजूबी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय. (गरज सरो वैद्य मरो म्हणू नका, नंतरही येत राहीन.)

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. गाव संगमेश्वर तालुक्यात. या सत्रात आम्हाला वर्गासमोर दोन भाषणं करायची आहेत. पहिलं माहितीपर, पाच मिनिटांचं. दुसरं त्यानंतर तीन आठवड्यांनी, मन वळवणारं, सात मिनिटांचं. मॅडम म्हणाल्या विषय एकच घेतलात तरी चालेल, भाषण मात्र एकच असता कामा नये.

मी सर्पदंश घेतला. पहिलं भाषण लिहून झालं: चार विषारी साप, विषाचे प्रकार, विषावरची लस कशी बनते वगैरे. दुसरं लिहायला बसले आणि तेच पुन्हा लिहिलं गेलं, फक्त शेवटी 'म्हणून मित्रहो, साप चावल्यास दवाखान्यात जा' एवढं चिकटवलं. मॅडमनी वही परत दिली. शेरा असा: 'हे पहिलंच भाषण आहे, शेपूट लावलेलं.'

तर दोन्हीत नेमका फरक काय ठेवू? पाठ करू की मुद्दे काढू? आणि उभं राहिलं की पाय लटलटतात त्याचं काय करू?

आळशी_बोका

सोप्पं आहे. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला सापाविषयी चार शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्याल अशी आशा बाळगतो.' एक मिनिट गेलं. शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र.' अजून अर्धं मिनिट. उरलं काय?

तिखटमीठ

चार शब्दांनी सुरुवात आणि दोन शब्दांनी शेवट. मधले दोन कुठे गेले हे मला चौथीपासून पडलेलं कोडं आहे.

आमच्या शाळेत १ ऑगस्टला भाषणं असायची. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकाच दिवशी, त्यामुळे अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे. टिळकांवर बोलणाऱ्या अकरा जणांनी ओळीने शेंगांची टरफलं सांगितली होती. बारावी मी. माझ्या वहीतही टरफलंच. उभी राहिले, 'लोकमान्यांच्या बालपणीची एक गोष्ट' म्हणाले आणि सगळा हॉल एका सुरात म्हणाला, 'शेंगाऽऽ'. पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. बाई पडद्यामागून कुजबुजत होत्या, मला काही ऐकू येईना. शेवटी 'जय हिंद' म्हणून खाली उतरले. वेळ: बावीस सेकंद. बाबा अजून सांगतात सगळ्यांना.

निवांत

खिक्क! बावीस सेकंदांत जय हिंद म्हणजे विक्रम असावा.

घंटाकर्ण

काजूबी, मी एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं. दरवर्षी दहा-बारा वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून किंवा नुसता घंटा वाजवायला जायचो. आयडी त्यावरूनच. थोडं लांबलचक लिहितो.

माहितीच्या भाषणात श्रोत्याला विषय ठाऊक नाही असं धरून चालता येतं. मन वळवायला उभे राहता तेव्हा समोरच्याचं काहीतरी मत आधीच झालेलं असतं. कधी मत नसतं, नुसता आळस असतो, पण काहीतरी असतंच. तेव्हा लिहायला बसण्याआधी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहायचं. पहिल्या भाषणासाठी: हे उद्या सकाळी कुणी त्यांना विचारलं तर त्यांना काय सांगता यायला हवं? दुसऱ्यासाठी: इथून उठल्यावर त्यांनी काय करायला हवं, आणि ते आत्तापर्यंत का केलेलं नाही?

'का केलेलं नाही' हा भाग शंभरातली नव्वद मुलं वगळतात. ती समोरच्याला अडाणी ठरवून मोकळी होतात. हुंडा, व्यसन, पर्यावरण, मोबाईल, कुठलाही विषय घ्या. मुलगा मूठ आवळून ओरडतो, 'अरे, कुठे नेऊन ठेवलाय आपण हा समाज?' समोर बसलेल्या आज्या टाळ्या वाजवतात, कारण तो गोड दिसतो. मत कुणाचंच हललेलं नसतं.

तुमच्या शेपटातलं 'दवाखान्यात जा' हे वाक्य त्यातलंच. तुमच्या वर्गात असा कोण आहे ज्याला दवाखाना ठाऊक नाही? तरी लोक जात नाहीत ना? का जात नाहीत ते शोधा. तुमचं दुसरं भाषण तिथून सुरू होतं.

पाठांतराबद्दल: पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं अशी पाठ हवीत की झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील. मधलं पाठ करू नका, मुद्दे ठेवा. पाठ केलेलं भाषण म्हणजे एकपदरी दोर, एक शब्द निसटला की माणूस खाली.

कातळशिल्प

घंटाकर्ण सरांशी बाकी सगळ्यात सहमत, पाठांतरावर नाही. मी कॉलेजात असताना तीन वर्षं स्पर्धा केल्या, दोन फिरते करंडक आणले. सगळं शब्दन् शब्द पाठ. मुद्द्यांवर बोलणारी मुलं 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली' करत पाच मिनिटांत तिसऱ्या मुद्द्यापर्यंतही पोचायची नाहीत, तेवढ्यात दुसरी घंटा. पाठ असलं की हात, डोळे, आवाज मोकळे राहतात. नटाला कुणी सांगतं का, मुद्दे काढ आणि जा रंगमंचावर?

घंटाकर्ण

नटाला संहिता अशा माणसाने लिहून दिलेली असते ज्याला बोलीचा कान आहे. पोरांना लिहून देतात त्यांचे वडील किंवा वर्गशिक्षक. मग सहावीतला मुलगा म्हणतो, 'या प्रगल्भ जाणिवेचा परामर्श घेताना'. परामर्श म्हणजे काय विचारा, रडायला लागतो.

तुम्ही स्वतःचं लिहून पाठ करत असाल तर गोष्ट वेगळी. मग लिहितानाच मोठ्याने बोलत लिहायचं. जे वाक्य एका श्वासात संपत नाही ते तोडायचं.

कातळशिल्प

स्वतःच लिहायचो. हे मान्य.

आणि काजूबी, शब्दांचा हिशेब ठेव. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर माझे मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द व्हायचे. पाच मिनिटांना साडेपाचशेच्या वर लिहिलंस की तू पळणार. प्रत्यक्ष उभं राहिल्यावर सगळेच घाबरून वेग वाढवतात ते वेगळंच.

बर्फाळ_बापू

मिनेसोटाहून. लेक इथे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला अगदी हीच दोन भाषणं होती, त्यामुळे धागा वाचून गंमत वाटली. दोन गोष्टी तिच्याकडून शिकलो.

एक, आकडा सांगितला की तो कुणाचा, कधीचा हे तोंडाने सांगावं लागतं. 'संशोधनात आढळलं आहे' म्हटलं की मार्क कापतात. दुसरी म्हणजे मन वळवण्याच्या भाषणाची एक ठरीव वाट शिकवतात. पर्ड्यू विद्यापीठातल्या ॲलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात मांडलेली. पाच पायऱ्या: आधी लक्ष वेधायचं, मग अडचण जाणवून द्यायची, मग उपाय सांगायचा, तो केला तर किंवा नाही केला तर पुढे काय होईल याचं चित्र उभं करायचं, आणि शेवटी नेमकी कृती मागायची. लेकीने वसतिगृहातल्या वाया जाणाऱ्या अन्नावर केलं होतं. ताटात उरलेलं एका दुपारचं अन्न वजन करून आणलं होतं पठ्ठीने.

आळशी_बोका

आमचा आंबेवाला हेच करतो. 'ओ ताई!' (लक्ष). 'मागच्या खेपेला दुसरीकडून घेतलात, आत काळे निघाले ना?' (अडचण). 'हे देवगड बघा' (उपाय). फोड कापून हातात (चित्र). 'दोन डझन बांधू?' (कृती). पर्ड्यूला न जाता.

भजनी_मंडळ

आणि कीर्तनकार? पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, मध्ये गजर, बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान. बुवा आधी डोक्याशी बोलतात, मग पोटाशी. आमच्याकडचे एक बुवा पूर्वरंग ताणायचे तेव्हा माझी आजी सरळ झोपायची आणि आख्यान सुरू झालं की बरोब्बर जागी व्हायची. काजूबीचं पहिलं भाषण सगळं पूर्वरंग आहे. आख्यान कुठाय?

काजूबी

बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. भजनी_मंडळ, मुद्दा वर्मी लागला.

पहिल्या भाषणाची सुरुवात इथे देते, चिरफाड करा:

'सन्माननीय मॅडम आणि मित्रमैत्रिणींनो, महाराष्ट्रात दरवर्षी ५८ हजार लोक सर्पदंशाने मरतात. भारतात सापांच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार जाती प्रमुख विषारी होत…'

चिमटेकाठी

थांबा थांबा. पहिलाच आकडा चुकलाय.

५८ हजार हा देशाचा आकडा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंदाज होता की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साधारण १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, त्याची वार्षिक सरासरी ५८ हजार. त्यातले सुमारे सत्तर टक्के मृत्यू ज्या आठ राज्यांत होते त्यांत महाराष्ट्र नाही. आपल्याकडेही माणसं मरतात, पण तुमचा आकडा वर्गात कुणी मोबाईलवर तपासला की पुढचं सगळं भाषण खोटं वाटेल.

मी साप पकडून सोडायचं काम करतो, रत्नागिरीकडेच. दोन-चार गोष्टी सुचवतो, ज्या पुस्तकात शेवटच्या ओळीत असतात आणि ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या लागतात.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात. घरचे म्हणतात पित्त झालं. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठण्यावर जातं. ते तपासायला दवाखान्यात एकदम साधी चाचणी करतात: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग नळी आडवी करायची. रक्त गोठलं नसेल, वाहिलं, तर विष चढलंय. आणि आणखी एक, हे मी कुठेही बोललो की लोक चमकतात: लहान मुलालाही लस मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते. साप मूल बघून विष कमी सोडत नाही.

मास्तरीण

ती नळी! काजूबी, तुझं पहिलं भाषण त्या नळीत आहे. तू विज्ञानाची विद्यार्थिनी, परीक्षानळी तुझ्या हाताखाली. भाषण सुरू करताना टेबलावर उभी करून ठेव, काही सांगू नकोस. शेवटी आडवी कर.

निवांत

रक्त कुठून आणणार? वर्गमित्राचं?

मास्तरीण

कोकणात राहते ना पोरगी. कोकमाचं आगळ कशासाठी आहे?

आळशी_बोका

दंडवत घ्या बाई.

कोल्हापुरी_पायताण

माझं जरा वेगळं. आमच्यात साप म्हटलं की लोक बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सांगत्यात, नाग दूध पितो का नाही यावर तासभर भांडण लागतंय. विषय तिकडं जाऊ देऊ नको बाई. पाच मिन्टात दूध काढलं की बाकी सगळं सांडलं.

दुसरं, हातवारे. आमच्या शाळेत सर बसवून घ्यायचे: 'उंच' म्हटलं की हात वर, 'मी' म्हटलं की छातीवर. एका पोरानं 'गगनाला भिडलेला सह्याद्री' म्हणताना हात वर केला तो पंख्याच्या दोरीत अडकला. सुटंना. तसाच एक हात वर ठेवून शेवटपर्यंत बोलला आणि उत्तेजनार्थ घेऊन आला.

तिखटमीठ

परीक्षकांना वाटलं असेल शपथ घेतोय.

काजूबी

आकडा दुरुस्त केला, चिमटेकाठी दादा, खूप आभार. लाज वाटली. एका फॉरवर्डमधून घेतला होता.

आता घंटाकर्ण सरांचा प्रश्न: लोक दवाखान्यात का जात नाहीत. हा प्रश्न मी टाळत होते हे काल रात्री कळलं. सांगूनच टाकते. आमच्या घरात माझे चुलत आजोबा मंत्राने पान उतरवतात. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे 'साप चावला' म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. रात्री तर 'साप' शब्दच काढायचा नाही, 'जनावर' म्हणायचं.) पंचाहत्तरी ओलांडलीय. पैसा घेत नाहीत, नारळसुद्धा घेत नाहीत. रात्री दोनला कुणी आलं तरी उठतात, अंगणात पाटावर बसवतात, कडुलिंबाचा पाला चघळायला देतात आणि विचारतात कडू लागतंय का. मी लहानपणापासून बघतेय. आलेल्यांतली बहुतेक माणसं स्वतःच्या पायांनी घरी गेलेली बघितलीत. एक मात्र गेली नाही. माझ्या वर्गातली होती, पाचवीत असताना.

आता त्यांच्या विरोधात वर्गात उभं राहून 'अंधश्रद्धा सोडा' म्हणणं मला जमत नाहीये. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या गावात असं कुणीतरी आहेच.

मास्तरीण

काजूबी, हे आख्यान आहे. पण मैत्रिणीचं भाषणात घेशील का हे दहादा विचार कर. घेतलंस तर दोन वाक्यांत. रडवायला वापरू नकोस.

चिमटेकाठी

आजोबांचं 'यश' कुठून येतं ते समजून घ्या, म्हणजे त्यांना खोटारडे ठरवावं लागणार नाही. लोकांना चावणारे साप बहुतांश बिनविषारी असतात: धामण, दिवड, तस्कर. शिवाय विषारी सापही कधीकधी विष न सोडता नुसताच चावतो, आम्ही त्याला कोरडा दंश म्हणतो. अशी माणसं आजोबांकडे आली काय किंवा घरी बसून चहा प्याली काय, बरी होणारच. आजोबांना प्रामाणिकपणे वाटतं मंत्राने झालं. अडचण उरलेल्यांची आहे. आणि साप कुठला होता हे अंगणातल्या अंधारात कुणालाच ठाऊक नसतं.

एवढं एक स्पष्टीकरण तुमच्या सात मिनिटांतली तीन मिनिटं घेईल, आणि घेऊ द्या.

खडा_सवाल

मला हे गोड गोड वागणं पटत नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं त्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे. हे भाषणात ठणकावून सांगायला हवं. एक मुलगी गेलीय आणि आपण आजोबांना वाईट वाटेल म्हणून कुजबुजायचं?

घंटाकर्ण

खडा_सवाल, तुमचा राग रास्त आहे. कायदा सांगावाच, पण कुठे ते बघा. पहिल्या मिनिटाला कायदा काढलात तर ज्याच्या घरात मांत्रिक आहे तो कान बंद करतो. सहाव्या मिनिटाला, स्पष्टीकरण ऐकून झाल्यावर, तोच कायदा त्याला घरी जाऊन सांगायला उपयोगी पडतो: 'आजोबा, रोखून ठेवू नका, त्यात तुम्हीच अडकाल.'

खडा_सवाल

क्रम बदलून चालेल. गाळून चालणार नाही.

भजनी_मंडळ

एक वेडगळ सूचना. आजोबांना मंत्र म्हणू दे की. फक्त गाडीत बसून म्हणू दे. पेशंट मधे, आजोबा शेजारी, गाडी दवाखान्याच्या रस्त्याला. मंत्र अंगणातच म्हणायला हवा असं कुठे लिहिलंय?

चिमटेकाठी

यात वेडगळ काही नाही. मी दोन गावांत अक्षरशः हेच केलंय. माणूस घाबरलेला असतो, ओळखीचं कुणी शेजारी बसलं की हातपाय कमी हलवतो, आणि तेच हवं असतं. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळपट्टी बांधायची नाही. चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवायचा आणि निघायचं. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल ते वाहन.

खडा_सवाल

मला अजूनही ही तडजोड वाटते. पण मुलगी वाचत असेल तर माझा आक्षेप मागे.

निवांत

अवांतर: महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण घ्या की. ग्रामीण भागात राहून संशोधन, २०२२ ला पद्मश्री.

चिमटेकाठी

थोर माणूस, पण ते काम प्रामुख्याने विंचवावरचं. लाल विंचू. हिला सापावर बोलायचंय.

निवांत

बरं. दोघेही चावतात म्हणून म्हटलं. (विंचू डंख मारतो हे माहीत आहे, लिहू नका.)

कातळशिल्प

पाय लटलटण्याचं कुणी बोललंच नाही. 'समोर दगड आहेत असं समज' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. दगडांचं मन कोण वळवणार? वर्गात तीन ठिकाणी तीन ओळखीचे चेहरे हेरून ठेव, एक वाक्य एकीला, दुसरं दुसऱ्याला. हातात कागद धरू नकोस, थरथर कागदात दिसते. पुठ्ठ्याचं छोटं कार्ड धर. आणि उभी राहिल्यावर लगेच बोलायला लागू नकोस. मनात तीन आकडे मोज. तुला ते युगासारखे वाटतील, वर्गाला कळणारही नाहीत.

बर्फाळ_बापू

+१. लेक म्हणते पाय लटलटतात ते टेबलामागे दिसत नाहीत, दिसतो तो चेहरा.

आळशी_बोका

आणि सुरुवात? 'सन्माननीय मॅडम'च ठेवणार?

मास्तरीण

सुरुवात तिने वर लिहून ठेवलीय, तिलाच कळलं नाही. 'आमच्याकडे रात्री साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. आणि साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.' याहून चांगलं पहिलं वाक्य मिळणार आहे का? मॅडमना नमस्कार दुसऱ्या वाक्यात घाल.

काजूबी

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, रागावू नका. दोन्ही भाषणं झाली.

पहिलं: नळी दोन ठेवल्या. एकीत आगळ, दुसरीत आगळात चायना ग्रास घालून घट्ट केलेलं. शेवटी दोन्ही आडव्या केल्या. घट्ट झालेलं जागच्या जागी, पातळ आगळ थेट मॅडमच्या हजेरीपुस्तकावर. झाकण लावायचं विसरले होते. पानभर लाल. वर्गात आधी शांतता, मग जो हशा झाला तो आवरेना. पण नंतर परीक्षेत मॅडमनी वर्गाला वीस मिनिटांच्या चाचणीवर प्रश्न टाकला तेव्हा एकही जण चुकला नाही. वेळ चार मिनिटं पन्नास सेकंद. शब्द पाचशे दहा, कातळशिल्प दादा.

दुसऱ्याची तालीम मी आजोबांसमोर केली. भीत भीत. त्यांनी पाटावर बसून पूर्ण ऐकलं. बिनविषारी साप, कोरडा दंश, सगळं. मला वाटलं चिडतील. ते एवढंच म्हणाले, 'गो, रात्री दोन वाजता गाडी कोण देणार? तुझा तो दवाखाना अंगणात येत नाही. मी येतो.'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कार्डं फाडली आणि अडचणीचा भाग नव्याने लिहिला. लोक मंत्रावर विश्वास आहे म्हणून अंगणात येतात असं मी धरून चालले होते. त्याहून जास्त येतात ते अंगण चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून. मग वर्गाकडे मागितलं ते असं: प्रत्येकाने आपल्या वाडीतल्या, रात्री उठवलं तर गाडी काढेल अशा दोन माणसांचे फोन नंबर आणायचे, आणि सर्पदंशाची लस असलेला जवळचा दवाखाना कुठला ते स्वतः फोन करून विचारायचं. कोऱ्या चिठ्ठ्या मीच वाटल्या. मैत्रिणीबद्दल दोन वाक्यं बोलले, नाव न घेता. कायदा सहाव्या मिनिटाला. खडा_सवाल, गाळला नाही.

एकेचाळीसपैकी सतरा चिठ्ठ्या भरून आल्या. एका मुलाने तीन ठिकाणी फोन केला, दोन ठिकाणी 'सध्या लस नाही' म्हणाले. तो आता माझ्यापेक्षा जास्त चिडलाय.

मार्क अजून कळलेले नाहीत.

घंटाकर्ण

सतरा! मी एवढी वर्षं घंटा वाजवली, एका भाषणानंतर सतरा माणसं काही करताना बघितली नाहीत. आणि तो 'गाडी कोण देणार' भाषणात घातलात का?

काजूबी

हो सर. तिथूनच सुरू केलं. 'पान लागलं' दुसऱ्या वाक्यात गेलं, मास्तरीणबाईंनी माफ करावं.

मास्तरीण

माफ. आजोबांचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं.

चिमटेकाठी

तुमच्या वाडीच्या चिठ्ठीवर गाडीवाला म्हणून माझा नंबर घाला, गाव जवळ असेल तर. विपू (खाजगी निरोप) करतो.

आळशी_बोका

बाकी सगळं ठीक. दुसऱ्या नळीतलं आगळाचं घट्ट झालेलं कुणी खाल्लं?

काजूबी

आजोबांनी. साखर कमी म्हणाले.